बोटीच्या इंजिनाला सुपरचार्जर (जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवलाय? मग एक्झॉस्ट निवडताना

पाईपची चकाकी नंतर बघा, आधी कॅमशाफ्टचा ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, विचारा. तो जास्त असेल तर आयडलला सिलिंडर एक्झॉस्ट पाईप गार ठेवायला त्यात सोडलेलं पाणी उलटं ओढतो. व्हॉल्व्ह गंजतात, आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलंच तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाणी रायझरचा (इंजिनापासून वर चढून मग खाली उतरणाऱ्या एक्झॉस्ट पाईपचा) उंच भाग ओलांडून, उतारावरच धुरात मिसळायला हवं. कॅमचा ओव्हरलॅप फारच जास्त असेल तर टोकापर्यंत आतून कोरडा राहणारा, दुहेरी भिंतीचा पाईप घ्या. आवाज वाढेल, तो सोसा.

मूळ ओतीव मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) ठेवायचा मोह नको. बूस्टमुळे, म्हणजे सुपरचार्जरच्या दाबामुळे, वायू वाढतो, वाट तेवढीच राहिली तर उष्णता सिलिंडरमध्येच कोंडते.

मुंबईच्या खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका, ३१६ एल स्टेनलेसच घ्या. तेही वेल्डिंगपाशी गंजतं, त्यामुळे गेटवे-मांडवा फेरी झाली की गोड्या पाण्याने फ्लश कराच. होज मरीन एक्झॉस्टचाच, प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प.

फिटिंगनंतर आयडलला १० मिनिटं चालवा, बंद करून गार झाल्यावर स्पार्क प्लग काढा. टोकावर ओल किंवा लालसर गंज दिसला तर पाणी आत येतंय. इंजिन पुन्हा चालू करू नका.