भाट घेतलाय, पण लढाईत करायचं काय?

प्रश्न : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (2014चे नियम) मी पहिल्या लेव्हलचा बार्ड, म्हणजे गावोगाव फिरणारा भाट खेळते. करिश्मा, म्हणजे पात्राची छाप पाडण्याची ताकद, 16 आहे. गप्पांत मजा येते, पण लढाई लागली की माझा काही उपयोग होत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा तुमची बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीत मुख्य अ‍ॅक्शनशिवाय करता येणारी जादा कृती, वाया जातेय. करिश्मा 16 म्हणजे मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +3, म्हणजेच ‘बार्डिक इन्स्पिरेशन’, सोबत्याला हुरूप देणं, तीनदा. लाँग रेस्ट (लांब विश्रांती) झाली की पुन्हा तीन. 60 फुटांच्या आतल्या, तुमचा आवाज ऐकू येणाऱ्या सोबत्याला सहा बाजूंचा फासा द्यायचा. स्वतःला देता येत नाही. तो 10 मिनिटं टिकतो, आणि वीस बाजूंच्या फाशावर काय पडलं ते बघूनही जोडता येतो. फक्त डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) निकाल सांगायच्या आत. लोक हे हमखास विसरतात, म्हणून खराखुरा फासाच सोबत्याच्या हातात ठेवा.

अ‍ॅक्शनवर ‘व्हिशस मॉकरी’, म्हणजे शत्रूला टोमणा मारायचा मंत्र. इजा जेमतेम 1 ते 4, पण शत्रूचा विज्डम सेव्ह (मंत्रापासून बचावासाठी टाकलेला फासा) हुकला तर त्याच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. खरी किंमत त्याचीच. टोमणा मोठ्याने म्हणा: ‘ढाल आहे की भाकरीचा तवा?’ असे चार-पाच आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी एकही सुचत नाही.

सोबती कोसळला तर ‘हीलिंग वर्ड’ हा बरं करणारा मंत्र. मात्र तोही बोनस अ‍ॅक्शनच खातो, त्यामुळे त्या फेरीत इन्स्पिरेशन नाही. शिवाय अ‍ॅक्शनवर मंत्र टाकायचा तर फक्त कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र) चालतं. मॉकरी कँट्रिपच आहे, ती खुशाल करा.