आल्प्समधल्या सर्वोच्च माँ ब्लाँ शिखरावर १७८६ मध्येच माणूस पोचला, मग त्याहून बुटक्या मॅटरहॉर्नला १८६५ का उजाडलं?

कारण बहुतेक जण अनेक वर्षं चुकीच्या बाजूने चढत होते. मॅटरहॉर्न (४,४७८ मीटर) स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर आहे. स्विस बाजूच्या झरमॅट गावातून समोर बघितलं की हॉर्नली धार आणि तिच्या डावीकडची पूर्व भिंत सरळसोट उभी वाटते, त्यामुळे लोक तिच्या वाटेला फारसे जात नसत. झटापट चालायची ती इटलीकडच्या धारेवर. इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परने तीच पूर्व भिंत बाजूने न्याहाळली, तेव्हा चढ साधारण ४० अंशांचाच दिसला. खरी मेख मात्र खडकात आहे. थर नैर्ऋत्येकडे कललेले, म्हणून इटलीकडच्या पायऱ्या उतरत्या कौलांसारख्या बाहेर झुकतात, तर झरमॅटकडच्या आत कलतात आणि पाय नीट बसतो. १४ जुलै १८६५ रोजी व्हिम्परसह सात जण याच बाजूने माथ्यावर पोचले. उतरताना त्यांच्यातला हॅडो घसरला, दोर तुटला आणि चौघं उत्तरेकडच्या कड्यावरून खाली गेले. दोराचा तो तुटका तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात आहे. बघून वाटतं, यावर माणसं कशी लटकावीत! तीनच दिवसांनी इटालियन वाटाड्या जाँ-आंतुआन कारेल इटलीकडूनही वर पोचला, म्हणजे ती बाजू अशक्य नव्हती, अवघड होती. आणि हॉर्नली ‘सोपी’ हे तुलनेनेच म्हणायचं: दगड सुटतात, वाट चुकते, उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागतो.