मामांच्या जुन्या पेंटॅक्स लेन्स माझ्या सोनी ए६४००वर चालतील का?

चालतील, आणि चांगल्या चालतील. तुमच्या प्रश्नावरून सामान असं दिसतंय: मामांचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हा जुना फिल्मचा कॅमेरा, त्याच्या दोन सुपर-ताकुमार लेन्स (५० एमएम एफ १.४ आणि १३५ एमएम एफ ३.५), तीन एक्स्टेंशन रिंगांचा संच, एक पोलरायझर (चकाकी गाळणारा फिल्टर) आणि एक फ्लॅश. सगळं पंचवटीतल्या वाड्यात बरीच वर्षं ट्रंकेत पडून होतं. दुकानदाराने तुम्हाला सांगितलं की हे आता शोकेसमध्ये ठेवा. तसं मुळीच करू नका. मी गेली नऊ वर्षं नाशिकमध्ये अशाच स्क्रूच्या लेन्सवर फोटो काढतोय आणि माझे मला सर्वांत आवडणारे फोटो त्यांच्यातूनच आले आहेत.

अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारा जोड, मागवण्याआधी लेन्स तपासा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, दोन्ही झाकणं काढा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेवर तिरका मारून पुढून आत बघा. धूळ दिसेल, तिचं काही वाटून घेऊ नका, फोटोत ती येत नाही. बुरशी मात्र लगेच ओळखू येते. काचेच्या कडेपासून आत शिरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले धागे दिसतात. पूर्ण काच दुधाळ दिसली तर ते बहुधा आतल्या ग्रीसचं सावट असतं आणि लेन्स उघडून पुसल्यावर ते जातं. बुरशी वरवरची असेल तर तीही निघते, पण जुनी असेल तर कोटिंग (काचेवरचा चकाकी रोखणारा पातळ थर) खाऊन टाकते आणि मग डाग कायमचा राहतो.

हे मी माझ्या ५५ एमएमवर शिकलो. तिच्यासोबत मूळ चामड्याचं कव्हर मिळालं होतं. इतकं देखणं की लेन्स त्यातच ठेवायची असं मी ठरवून टाकलं आणि ते कव्हर भिंतीतल्या कपाटात ठेवलं. ती भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा थेट तिच्यावर. जूनमध्ये ठेवलेली लेन्स गणपतीत बाहेर काढली तेव्हा कव्हरच्या आत हिरवट पांढरी लव होती आणि पुढच्या काचेच्या मागे नखाएवढं जाळं. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला तेच हवं असतं. एका जुन्या कारागिराने लेन्स खोलून साफ करून दिली, पण कोटिंगवर पुसट नक्षी राहिलीच. सूर्य समोर असला की आजही त्या जागी फोटो फिकट होतो.

तेव्हा मामांची चामड्याची कव्हरं आठवण म्हणून ठेवा, लेन्स त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता-मापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओल धरलेलं जेल तापवून परत वापरता येतं, पण निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही. नाशिक उन्हाळ्या-हिवाळ्यात कोरडं असल्यामुळे आपण गाफील राहतो. पण इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात एक फेरी मारून आलात तर घरी आल्यावर लेन्स आधी पंख्याखाली उघडी ठेवा आणि मग डब्यात घाला.

अजून एक गोष्ट बघा. ५० एमएममधून पांढऱ्या कागदाकडे बघितल्यावर कागद चहा सांडल्यासारखा पिवळा दिसतो का? दिसला तर घाबरू नका. सात काचांच्या या मॉडेलमध्ये एका काचेत थोरियम वापरलेलं आहे. ते किंचित किरणोत्सारी असतं आणि वर्षानुवर्षांत काच पिवळी पडते. फोटो काढताना त्याचा धोका नाही. फक्त लेन्स फोडू-घासू नये आणि उशाशी घेऊन झोपू नये. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. माझी दुसरी लेन्स मी एप्रिलमध्ये खिडकीत ठेवली होती, खाली ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून. तीन आठवड्यांत ती बऱ्यापैकी निवळली. मात्र एक लक्षात ठेवा: लेन्स म्हणजे भिंगच. ऊन तिच्यातून पार होऊन पडद्यावर किंवा लाकडावर एकवटलं तर आग लागते. मागचं झाकण लावूनच ठेवा आणि घरात कोणी नसताना ठेवू नका.

आता अडॅप्टर. यात काच नसते, इलेक्ट्रॉनिक्स नसतं, काही नसतं. ती ठरावीक लांबीची पोकळ नळी आहे. लेन्स आणि सेन्सर यांच्यात जे अंतर लेन्स बनवणाऱ्याने धरलं होतं ते परत मिळवून देणं एवढंच तिचं काम. तुमच्या लेन्सचा माउंट (कॅमेऱ्यावर बसण्याची जोडणी) एम४२, म्हणजे ४२ एमएम व्यासाचा, १ एमएम पिचचा स्क्रू. पेंटॅक्सने १९७५मध्ये के माउंट आणेपर्यंत हाच वापरला. त्याला फिल्मपासून ४५.४६ एमएम अंतर लागतं. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ एमएम. वजाबाकी करा: २७.४६ एमएम. ही तुमच्या अडॅप्टरची लांबी. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने हे अंतर कमी आहे, म्हणून जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स त्यावर बसते. उलट निकॉनच्या डीएसएलआरचं, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं, अंतर ४६.५ एमएम, म्हणजे एम४२पेक्षा जास्त. त्यावर हीच लेन्स लावली की दूरचं काही स्पष्ट दिसत नाही आणि त्यावर उपाय म्हणून काचेचा अडॅप्टर घ्यावा लागतो, जो लेन्सची धार मारतो. तुम्हाला कोणी काचेचा अडॅप्टर विकायला बघेल तर नको म्हणा.

हजार-दीड हजारात मिळतो तो पुरतो. घेताना लेन्स त्यावर हलत नाही ना आणि आतली बाजू चकचकीत नाही ना एवढं बघा. स्वस्त अडॅप्टर बहुतेक वेळा मुद्दाम केसभर आखूड असतात, त्यामुळे रिंग अनंताच्या खुणेवर नेली की फोकस दूरच्याही पुढे जातो. गच्चीवरून चंद्रावर फोकस करून बघा, रिंग कुठे थांबते ते लक्षात ठेवा. पुढे कामाला येतं.

लेन्स बसली, आता दोन अडचणी हमखास येतात. पहिली, कॅमेरा फोटोच काढत नाही, कारण त्याला वाटतं लेन्स नाहीच. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याची सेटिंग आहे, ती सुरू करा. दुसरी अडचण जास्त चकवते. ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) लहान-मोठं करणारी रिंग फिरवली तरी आतल्या पाती हलत नाहीत आणि माणसाला वाटतं लेन्स बिघडली. तुमच्या लेन्सच्या मागच्या बाजूला ऑटो आणि मॅन्युअल असा छोटा खटका आहे. ऑटोवर असताना मागची पिन दाबली जाईपर्यंत पाती उघड्याच राहतात. स्पॉटमॅटिक ती पिन दाबायचा, साधा अडॅप्टर दाबत नाही. खटका मॅन्युअलवर करा की पाती रिंगबरोबर मिटतील. तरीही त्या सुस्त हलल्या किंवा तेलकट दिसल्या तर मग कारागीर शोधा.

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. एफ आकडा (तो जितका लहान तितकं छिद्र मोठं) लेन्सवर तुम्ही ठरवाल, शटर कॅमेरा ठरवेल. ऑटो आयएसओमध्ये (उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो ती सेटिंग) शटरची किमान मर्यादा ५०साठी सेकंदाचा १२५वा भाग आणि १३५साठी २५०वा भाग अशी ठेवा, कारण ए६४००च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची सोय, नाही. शिवाय सेन्सर लहान असल्याने ५० एमएमची चौकट ७५ एमएमसारखी दिसते आणि १३५ची २००च्या आसपास.

फोकस हीच यातली खरी कला आहे. सगळे फोकस पीकिंग लावतात, म्हणजे स्पष्ट कडांवर रंग चढतो ते. एफ १.४वर ते फसवतं. एवढ्या उघड्या ॲपर्चरवर ही लेन्स कडांभोवती मऊसर चमक सोडते आणि पीकिंगला सगळंच स्पष्ट वाटतं. पीकिंगने जवळपास पोचा आणि मग फोकस मॅग्निफायरने चित्र मोठं करा, तिथे ठरवा. माणसाचा फोटो असेल तर डोळ्यावर. दीड मीटरवरून एफ १.४ला जेमतेम पाच सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, तेवढ्यात समोरचा श्वास घेतो तरी फोकस सरकतो. एफ २.८वर या, लेन्सची धार एकदम वाढते आणि चुकीला जागा मिळते.

गर्दीत इतका वेळ नसतो. तिथे लेन्सवरची, कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणारी आकड्यांची पट्टी वापरा. आजच्या बहुतेक लेन्सवर ती नसते. ५० एमएम एफ ८वर ठेवा, अंतर ५ मीटर. पट्टीवर दोन्ही बाजूंच्या ८ आकड्यांमधलं सगळं स्पष्ट येणार असं लिहिलेलं दिसेल, पण ती पट्टी फिल्मच्या आकारासाठी आहे. तुमच्या लहान सेन्सरसाठी एक पायरी आतले, म्हणजे ५.६चे आकडे बघा. हिशोबाने पावणेचार ते सव्वासात मीटर एवढा टप्पा मिळतो. आता कॅमेरा डोळ्याला लावा आणि फक्त माणसं बघा.

रामकुंडावर डिसेंबरच्या सकाळी हे करून पाहा. थंडीत पाण्यावर वाफ असते आणि ऊन घाटावर तिरकं उतरत असतं. मी एकदा एका आजींना पायरीवर दिवा लावताना टिपलं, एफ २वर. आजींचा हात आणि ज्योत स्पष्ट, आणि मागच्या पाण्यावरच्या उन्हाच्या ठिपक्यांच्या मऊ गोल चकत्या झाल्या होत्या. कडेच्या चकत्या लिंबाच्या फोडीसारख्या चेपलेल्या. नव्या लेन्सने त्याच जागी काढलेला फोटो बिनचूक होता, पण त्यात ती सकाळ नव्हती. एक करा, हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) लावायला विसरू नका. पेंटॅक्सची अनेक थरांची कोटिंग १९७१मध्ये आली, तुमच्या लेन्स त्याआधीच्या धाटणीच्या आहेत. समोरून ऊन आलं की काळे भाग राखाडी होतात. हूड नसेल तर सरळ हाताने आडोसा करा.

१३५बद्दल स्पष्ट सांगतो, नांदूरमध्यमेश्वरला ती नेऊ नका. पक्ष्यांना ती अपुरी पडते आणि हाताने फोकस करेपर्यंत थवा उडून जातो. घाटावरचे चेहरे, नारोशंकराच्या घंटेवरचं कोरीवकाम, मांडवाखाली वाकून द्राक्षं खुडणारी बाई, हे तिचं काम. दीड मीटरपेक्षा जवळ मात्र ती जात नाही.

जवळ जायला मामांच्या रिंगा आहेत. लेन्स आणि अडॅप्टर यांच्यामध्ये त्या स्क्रू करायच्या. यातही काच नाही, म्हणून दर्जा जात नाही, फक्त उजेड कमी होतो. तिन्ही मिळून साधारण पन्नास एमएम भरत असतील, तर ५० एमएमवर वस्तू सेन्सरवर जवळजवळ आहे त्याच आकाराची उमटते. तुमचा सेन्सर साडेतेवीस बाय साडेपंधरा एमएमचा, म्हणजे द्राक्षाचा एक टपोरा मणी चौकटीत मावणार नाही. फेब्रुवारीत दिंडोरीकडे एखाद्या बागेत परवानगी काढून सकाळी लवकर जा. मण्यावर ती पांढुरकी झाक असते ना, जी बोट लागलं की पुसली जाते, ती या रिंगांतून चंद्राच्या पृष्ठभागासारखी दिसते. घड लेन्सपासून चार-पाच बोटांवर असेल, तेव्हा स्वतःची सावली सांभाळा. रिंग फिरवण्यापेक्षा स्वतः किंचित पुढे-मागे झुकून फोकस आणा.

पोलरायझर जुना, म्हणजे बहुधा लिनियर असेल. तो डीएसएलआरचा फोकस आणि मीटर गोंधळवतो, तुमच्या कॅमेऱ्यात अर्धपारदर्शक आरसा नसल्याने काही अडचण नाही. तुमच्या दोन्ही लेन्सना ४९ एमएमचा फिल्टर लागतो, एकच दोघींना पुरेल. पाऊस थांबल्यावर काळारामाच्या बाहेर उभं राहून ओल्या काळ्या दगडाकडे त्यातून बघा आणि तो हळूहळू फिरवा. दगडावरची पांढरी चकाकी विरते आणि खालचा काळा रंग वर येतो. भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या चकाकीवर मात्र तो चालत नाही, धातूवरून परतलेला उजेड असा गाळता येत नाही.

फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर चढवू नका. जुन्या काही फ्लॅशच्या पायावर २०० व्होल्टच्याही वर दाब असतो आणि त्याने आजच्या कॅमेऱ्याची सर्किट जळू शकते. सेल घालून दिवा लागू द्या, मग मल्टिमीटरचं एक टोक पायाच्या मधल्या ठिपक्याला आणि दुसरं कडेच्या पट्टीला लावून मोजा. चार-पाच व्होल्ट आले तर ठीक, जास्त आले तर तो ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडला की त्याला पेटवणाऱ्या जोडावर, लांबून चालवा.

सध्या दुसरी कुठलीही लेन्स घेऊ नका, लेन्सचं चित्र आकसून लहान सेन्सरवर बसवणारा महागडा अडॅप्टरही नको. महिनाभर फक्त ५० एमएम कॅमेऱ्यावर ठेवा. कॅमेरा फोटोबरोबर एफ आकडा नोंदवणार नाही, तेव्हा खिशात छोटी वही ठेवून तो लिहीत जा. आणि रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाजवळ) जाणार असाल तर ही लेन्स घरी ठेवा, पाणी अडवायला तिच्यात एकही रबर नाही.

आज रात्री टॉर्चने बघितल्यावर आत जाळं दिसलं, पिवळेपणा दिसला की काहीच नाही, ते इथे लिहा. जाळं असेल तर ते कुठल्या काचेवर आहे, पुढच्या की मागच्या, तेही सांगा. त्यावरून उघडून घ्यायची की तशीच वापरायची ते ठरवता येईल.