दह्याताकाचे जंतू शिकून पोट भरतं का?

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. लेक बारावीला आहे, बायोलॉजी घेतलंय, गणित सोडलंय. आतड्यातले जंतू बदलले की प्राणी जास्त जगतात, असं कुठंतरी पाहिल्यापासून ‘मला यातच संशोधन करायचंय’ म्हणून हटून बसलीय. बाबा म्हणतात, बी.फार्म कर, लवकर कमावती होशील. आईचा प्रश्न एका ओळीचा: ‘मॅडम, दह्याताकाचे जंतू शिकून पोट भरतं का हो?’

नमस्कार ताई,

भरतं. माझं अकरा वर्षं भरलं, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजी क्यूसी, म्हणजे औषधांची जंतूंसाठी तपासणी, करून. पण लेकीच्या मनात आहे ते काम वेगळं, म्हणून आधी तिच्या विषयाकडे येते.

दह्याचं म्हणाल, तर तुम्ही नकळत मूळ पुरुषापाशीच पोचलात. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला 1908 साली नोबेल मिळालं, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण आंबवलेल्या दुधातले जंतू म्हातारपण लांबवतात, अशी त्याची पक्की समजूत होती आणि स्वतःही तो ते दूध नेमानं प्यायचा. गेला एकाहत्तराव्या वर्षी. म्हणजे कल्पना जुनीच आहे, ती नीट तपासायची सोय अलीकडची.

लेकीनं बहुधा किलीफिशबद्दल पाहिलं असणार. आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांत राहणारा बोटाएवढा मासा. डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं, म्हणून आयुष्य जेमतेम काही महिन्यांचं. जर्मनीत कलोनच्या मॅक्स प्लांक संस्थेत मध्यमवयीन माशांना अँटिबायोटिक देऊन त्यांची आतडी साफ केली आणि तरुण माशांच्या आतड्यातले जंतू दिले. ते मासे जास्त जगले. हे 2017 साली प्रसिद्ध झालं. एवढं तिला पाठ असेल.

आता तिला एक विचारा. त्या प्रयोगात आणखीही टाक्या होत्या. एका गटाला नुसतं अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्याला अँटिबायोटिकनंतर त्याच वयाच्या माशांचे जंतू. हा खटाटोप कशाला? सांगू नका, गूगल करू देऊ नका, तासभर डोकं खाजवू द्या. या टाक्या नसत्या, तर गुण तरुण जंतूंचा की जुने जंतू मेल्याचा, हे कसं कळलं असतं? असं काही ती आपणहून बोलली, तर मुलगी या वाटेची आहे. ‘पण मासे जगले ना शेवटी!’ म्हणाली, तर तिला गोष्ट आवडलीय, काम नव्हे. तसं असलं तरी बिघडत नाही, फक्त आत्ताच कळलेलं बरं. नेकेड मोल रॅटचंही तसंच. उंदराएवढा जीव, पण तीस वर्षांवर जगतो. त्याचे जंतू वेगळे आहेत, खरं. पण तो जमिनीखाली राहतो, कंद खातो, त्याचं सगळंच वेगळं. श्रेय कुणाला द्यायचं?

आणि रोजचं काम कसं असतं, तर आगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओता, प्लेटा लावा, इन्क्युबेटर नावाच्या उबदार पेटीत ठेवा, दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मोजा. एकदा शनिवारी आमचा इन्क्युबेटर बंद पडला. सोमवारी सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारून, टाकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून. मी जिन्यात बसून रडले होते. पण पुन्हा लावल्या.

गणित सोडलंत तेवढं मात्र मला खटकलं. आतड्यातल्या जंतूंचं निम्मं काम हल्ली कॉम्प्युटरवर चालतं. त्यांचा डीएनए वाचून कोण किती आहेत ते मोजायचं, म्हणजे संख्याशास्त्र आणि थोडं कोडिंग आलंच. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेला गणिताशिवाय बसता येतं, पण साठांपैकी पंधरा प्रश्न गणिताचे असतात. पुणे आयसर मनात असेल, तर आजपासून रोज तासभर गणित. नाही जमलं तर ठाण्यात किंवा नवी मुंबईत मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये फेलोशिप. पीएच.डी. होईस्तोवर अठ्ठावीस-एकोणतीस वय होतं, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. नंतर लग्नाच्या बोलण्यात ते निघायला नको.

बाबा चुकीचं बोलत नाहीयेत. बी.फार्मलाही तिसऱ्या सेमिस्टरला मायक्रोबायोलॉजी असतं आणि तिथूनही संशोधनाकडे वळता येतं, जरा वळसा पडतो इतकंच. दोन्हीकडचे फॉर्म भरा. सीईटीची फी वाया गेली तरी चालेल.

माशांच्या टाक्यांचं तिनं काय उत्तर दिलं, ते मला तिच्याच शब्दांत लिहून पाठवा. चुकलेलं असलं तरी.