गॉलवेतलं घर आणि शेतातून जाणारी हंट

तुझा प्रश्न वाचला. आयर्लंडमधल्या गॉलवेला नर्सची नोकरी पक्की झालीय, अथेनराय आणि क्रॉकवेलच्या मधे शेतावरचं घर भाड्याने मिळतंय, आणि घरमालक म्हणाला की हिवाळ्यात दोन-तीनदा हंट, म्हणजे घोड्यांवरून आणि कुत्र्यांचा कळप घेऊन खोकडाची शिकार करणारी मंडळी, या शेतातून जाते. हे अजून चालतं कसं, त्या दिवशी नक्की काय होतं आणि सहा वर्षांच्या मुलाला धोका आहे का, असं तू विचारलंस. मी याच भागात अकरा वर्षं राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

चालतं, कारण इथे ते कायदेशीर आहे. स्कॉटलंडने २००२ साली बंदीचा कायदा केला, इंग्लंड-वेल्सने २००४ साली. आयर्लंडने २०१० मध्ये कुत्र्यांचा कळप लावून हरणाची शिकार करणं थांबवलं, पण खोकडाची चालू ठेवली. खोकडच म्हणायचं बरं का, तू लिहिलंस तसं कोल्हा नव्हे. आपल्याकडे शेतात रात्री कोल्हेकुई ऐकू येते तो प्राणी इथे नाहीच. हे तांबडं, झुपकेदार शेपटीचं खोकड, आपल्या माळावरच्या खोकडापेक्षा अंगाने मोठं. शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय मात्र हंटला त्याच्या जमिनीत शिरता येत नाही. तुझ्या घराच्या आवारात घोडे-कुत्रे नको असतील तर घरमालकाला आधीच सांग, तो मास्टरला, म्हणजे हंटच्या प्रमुखाला, कळवेल. त्यात संकोच करू नकोस.

आता दिवस कसा असतो ते. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. सकाळी अकराच्या सुमाराला गावातल्या पबसमोर सगळे जमतात, त्याला मीट म्हणतात. घोडे ट्रेलरमधून येतात, हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, गाडीतून. हाउंड जोडीने मोजतात: सतरा कपल म्हणजे चौतीस कुत्रे. कुत्रे दिसायला दांडगे, पण माणसांच्या जवळ येणारे, लाघवी. मुलाला त्यांची भीती राहणार नाही. जपायचं ते घोड्यांपासून. ज्याच्या शेपटीला लाल फीत बांधलीय तो लाथ मारणारा, हिरवी फीत म्हणजे नवखा. मुलाचा हात सोडायचा नाही आणि कुठल्याच घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही.

मग हंट्समन, म्हणजे कुत्र्यांना हाकणारा माणूस, हाउंडना काटेरी गॉर्सच्या झुडपात सोडतो. बराच वेळ काहीच होत नाही. पाऊस तिरका येत असतो, पाय गारठलेले असतात. इथली थंडी आपल्या पहाटेसारखी कोरडी नाही. जुलैतल्या महाबळेश्वरचं धुकं आणि वारा घे आणि तापमान पाच-सहावर आण, म्हणजे अंदाज येईल. बर्फ क्वचित. जमीन गोठून कडक झाली तर घोड्यांच्या पायांसाठी हंट रद्दच करतात. आणि अचानक एक हाउंड बोलतो, मग दुसरा, मग सगळे एका सुरात. तो आवाज दोन शेतं पलीकडून छातीत उतरतो. हॉर्न भराभर वाजतं आणि घोडे दगडी गडग्यांवरून उड्या मारत निघतात. गॉलवेच्या हंटची खरी ओळख हे गडगे. चुना-सिमेंट काही नाही, नुसते चुनखडीचे दगड रचलेले, अगदी कोकणातल्या गडग्यासारखे. घोड्याच्या पायाने दगड पडले तर ते परत रचायचे, हा नियम. सिनेमा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन क्रॉकवेलजवळ राहायचे तेव्हा इथल्या गॉलवे ब्लेझर्स हंटचे मास्टर होते, त्यांनीही हेच गडगे ओलांडले.

सगळा खेळ वासावर चालतो. वारा कोरडा आणि जोराचा असला की वास उडून जातो. म्हणून गाडीतून मागे जाणाऱ्यांनी इंजिन बंद करायचं, धुराने माग मोडतो. शेताच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही. फाटक उघडलं तर लावूनच पुढे जायचं. आम्ही आधी दुसऱ्या काउंटीत राहायचो, तिथे हंटमधल्या कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि शेजाऱ्याच्या कालवडी अंधारात हमरस्त्यावर आल्या. डिसेंबरात साडेचारपर्यंत अंधारतं. त्या रात्री आम्ही सगळे टॉर्च घेऊन फिरत होतो.

माझं मत विचारशील तर, खोकडाचा जीव जावा असं मला वाटत नाही, आणि हे मी इथे कुणापासून लपवत नाही. तिसऱ्या वर्षी मी आमच्या बोरीनमध्ये, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेवर, शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाबरोबर उभी होते. खोकड गडग्यावर चढलं, माझ्यापासून दहा पावलांवर. शेपटी भिजून जड झालेली, जीभ बाहेर. क्षणभर थांबून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि सरळ म्हाताऱ्याच्या मेंढ्यांच्या कळपातून पलीकडे गेलं. मेंढ्यांच्या वासात आपला वास बुडवायला ती अशीच जातात. हाउंड आले ते तिथेच घोटाळले. खोकड दिसलं की ओरडून टोपी वर करायची, अशी इथली रीत. मी हात खिशातच ठेवला. माझ्या शेजारी ज्याची कोकरं दर वसंतात खोकडं उचलतात तो माणूस उभा होता, आणि त्यानेही टोपी काढली नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारतो.

म्हणून सांगते, घर घे. पटत नसलं तरी एकदा मीटला जा, निदान पबसमोर. नोव्हेंबर ते मार्च इथे माणसं दाराआड असतात, शेजारी कोण राहतं ते कळत नाही. त्या एका सकाळी सगळी एकत्र भेटतात. दूध घालणारा, शाळेतली बाई, तुझ्याच वॉर्डातली एखादी सिस्टर. सेंट स्टीफन्स डे, २६ डिसेंबर, त्याला सर्वांत मोठी गर्दी असते.

हंट असेल त्या दिवशी मांजर घरात ठेव, कोंबड्या पाळल्यास तर कोंडून ठेव. वेलिंग्टन, म्हणजे रबरी उंच बूट, इथेच घ्या, पण मुलाचे एक नंबर मोठे. आत लोकरीचे दोन मोजे मावायला हवेत.