ड्रमरसोबत लाइव्ह वाजवताना गिटार ऐकूच येत नाही. १०० वॅटचा ॲम्प घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा ॲम्प २० वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) आहे, आठ इंची स्पीकरचा. घरी तो पुरून उरतो, पण ड्रमर वाजवायला बसला की व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवूनही तुमची गिटार तुम्हालाच ऐकू येत नाही. आता पैसे साठवून १०० वॅटचा घ्यावा का, की आहे त्यालाच मोठा स्पीकर जोडता येईल, असं विचारलंत. माझं म्हणणं, १०० वॅटच्या मागे लागू नका. दुकानात खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॅटच छापलेले असतात, पण ड्रम्सच्या वर गिटार ऐकू येणं त्या आकड्यावर फार कमी अवलंबून असतं.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढा फरक कळतो, पण गिटार एकदम पुढे आली असं होत नाही. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट हवेत. २० वरून १०० वर गेलात तर हाती येतात ७ डेसिबल. पैसे मात्र कितीतरी जास्त जातात.

आता स्पीकरकडे बघा. प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ठरलेली असते: १ वॅट दिला तर १ मीटरवर तो किती डेसिबल आवाज देतो. सेलेशन कंपनीच्या व्हिंटेज ३० या गिटार स्पीकरची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल आहे, ग्रीनबॅकची ९८. तुमच्या ॲम्पमधल्या लहान स्पीकरची समजा ९० आहे. तेच २० वॅट ९० च्या स्पीकरला दिले तर १०३ डेसिबल मिळतात, १०० च्या स्पीकरला दिले तर ११३. हा फरक त्या लहान स्पीकरवर वॅट वाढवून मिळवायचा तर २०० वॅट द्यावे लागतील, आणि त्याआधीच स्पीकर जळेल. बंद खोलीत मनापासून वाजवलेला ड्रमसेट १०० ते ११० डेसिबलच्या घरात सहज जातो. तुमचा ॲम्प कुठे कमी पडतो ते यातून कळेल.

मग १०० वॅटचा एवढा दबदबा आला कुठून? तो १९६० च्या दशकातला आहे. जिम मार्शल स्वतः ड्रमर होते, लंडनच्या हॅनवेल भागात त्यांचं ड्रम्सचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या गिटारवाल्यांना मोठा आवाज हवा होता, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी ॲम्प बनवायला सुरुवात केली. पुढे ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांच्या आग्रहातून १०० वॅटचा मार्शल आला. १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोकांसमोर वाजले, तेव्हा व्हॉक्स या ॲम्प कंपनीने त्यांना १०० वॅटचे ॲम्प दिले होते, तरी किंकाळ्यांपुढे ते पुरले नाहीत. त्या काळी पीए (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर) मुख्यतः गाण्यासाठी असे, गिटारने हॉल भरायचा तर ते काम ॲम्पलाच करावं लागे. आज स्टेजवर ॲम्पसमोर माइक लागतो आणि प्रेक्षकांपर्यंत आवाज पीए पोचवतो. तुमच्या ॲम्पने तुम्हाला आणि बँडला ऐकू यावं, एवढंच त्याचं काम उरलं आहे.

नवीन काही घेण्याआधी नॉब बदला. मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि नेमकं यावरच फार कमी लोक बोलतात. घरी एकट्याने वाजवताना बेस वाढवलेला, ट्रेबल वाढवलेली आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) पार खाली असा सूर भरदार लागतो. बँडमध्ये तोच सूर नाहीसा होतो. खालचा भाग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार घेऊन जातात, वरचा सिंबल्स. गिटारची स्वतःची जागा साधारण ५०० ते ३००० हर्ट्झच्या मधली, आणि तीच तुम्ही घरी कापून आलेले असता. प्रॅक्टिसला बेस ३-४ वर आणा, मिड ७ वर न्या, गेन (सूर किती फाटतो ते ठरवणारा नॉब) नेहमीपेक्षा बराच कमी करा. जास्त गेनमुळे सूर दाबला जातो, तारेवरचा पहिला आघात बोथट होतो, आणि ड्रम्समधून वर येतो तो आघातच. एकट्याने ऐकलात तर हा सूर तुम्हाला नाकातला, चिरका वाटेल. बँडसोबत तो बरोबर बसतो. ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल (सूर किंचित फाडणारं, पायाने दाबायचं खोकं) असेल तर ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून लावा. ते बेस कापतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे काढतं, सोलोला याचा फार उपयोग होतो. बँडमध्ये दोन गिटार असतील तर दोघांनी एकच सेटिंग ठेवू नका, एकाने थोडं खाली राहावं, दुसऱ्याने थोडं वर.

ॲम्प जमिनीवर असेल तर उचला. गिटार स्पीकरचा वरचा आवाज सर्चलाइटसारखा सरळ रेषेत जातो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही दोन फुटांवर उभे असाल, तर तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा, थोडा मागे कलवा, तोंड तुमच्या कानाकडे करा. कोपऱ्यात ठेवू नका, तिथे नुसता बेस फुगतो. ड्रमरलाही तुमची गिटार ऐकू येईल अशी जागा निवडा. ज्या ड्रमरला बाकीचे ऐकू येत नाहीत तो नकळत जोरात वाजवतो, मग तुम्ही वाढवता, मग तो. त्याच्याशी मोकळेपणाने बोला. छोट्या खोलीत बारीक स्टिक्स किंवा रॉड्स (बारीक काड्यांच्या जुडीच्या स्टिक्स) वापरून बघायला चांगले ड्रमर तयार असतात. शटरच्या रिकाम्या गाळ्यात सराव करत असाल तर भिंतींना जुन्या गाद्या, जाड सतरंज्या लावा. सिंबल्सचा आवाज भिंतीवरून परतून गिटारवर बसतो, तो बराच कमी होईल.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर बारा इंची स्पीकरचा घ्या, याबाबत तडजोड करू नका. सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग (डिजिटल पद्धतीने वेगवेगळ्या ॲम्पची नक्कल करणारा) ॲम्प असेल तर ५० वॅटच्या आसपास पुरेसे आहेत, बॉस कटाना ५० सारखे. ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) असेल तर १५ ते २२ वॅट. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा आहे, त्यात बारा इंची एकच स्पीकर आहे, आणि क्लबांमध्ये लोक कित्येक दशकं तो ड्रमरसोबत वाजवत आले आहेत. ट्यूबचे वॅट मोठे वाटतात, कारण मर्यादेपलीकडे गेल्यावरही तो सूर ऐकायला गोड राहतो. सॉलिड स्टेट त्याच ठिकाणी कर्कश फाटतो, म्हणून त्याला हाताशी जास्तीचे वॅट लागतात. तुमचा सूर अगदी स्वच्छ, जराही न फाटणारा हवा असेल आणि ड्रमर जोरकस असेल, तरच ४० ट्यूब वॅट किंवा रोलँडच्या जेसी-१२० सारख्या सॉलिड स्टेट ॲम्पचा विचार करा. जेसी-१२० जवळपास २८ किलोचा आहे. प्रॅक्टिसची जागा दुसऱ्या मजल्यावर असेल तर हेही लक्षात घ्या.

कॉलेजच्या किंवा गणपतीच्या स्टेजवर साउंडवाल्याकडे गिटारसाठी माइक शिल्लक असेलच असं नाही. एक शुअर एसएम५७ माइक स्वतःजवळ ठेवा, स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून, कोनच्या मधोमध नाही तर किंचित बाजूला लावा. साउंडचेकला मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गिटार मागून घ्या.

आणि कानांचं मनावर घ्या. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला रोजचे आठ तास ही मर्यादा आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. तुमची प्रॅक्टिस दोन-तीन तास चालत असणार. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग आजच घ्या, बँडमधल्या सगळ्यांनी घ्या. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आहे त्या ॲम्पला मोठा स्पीकर जोडायचं तुमच्या मनात आहे, तो माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय आहे. ॲम्पच्या मागे स्पीकर आउट आहे का आणि किमान किती ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) लिहिलंय ते बघा. तेवढ्याच किंवा त्याहून जास्त ओहमचं बारा इंची कॅबिनेट (स्पीकर बसवलेला खोका) चालेल, कमीचं नको. आतला स्पीकर चालू राहून बाहेरचाही जोडला जात असेल तर ८ आणि ८ समांतर मिळून ४ ओहम होतात, हा हिशोब आधी करा. हे तुमच्या सॉलिड स्टेटपुरतं. ट्यूब ॲम्पला ओहम जुळणारेच लागतात आणि स्पीकर न जोडता तो कधीच चालू करायचा नसतो. जोडायला स्पीकर केबलच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिची तार बारीक असते, ती तापते.