डाउनलोड बरोबरच होतं

"मॅडम, सगळं पोर्टलवर टाकलंय म्हणतात. बाकीच्यांना सापडतं, मलाच सापडत नाही. माझंच काहीतरी चुकत असणार."

कोविडनंतरच्या वर्षांत समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पहिले चार शब्द कानावर पडले की पुढचं मीच म्हणू शकते. म्हणणारा कधी दृष्टिहीन असतो. कधी ऐकायला कमी येणारी मुलगी असते, जिच्या पुढ्यात बिनसबटायटलचं लेक्चर येतं. कधी हात थरथरणारा मुलगा असतो, ज्याला 'जोड्या लावा' माउसनं ओढून सोडवायच्या असतात. माणसं वेगळी, शेवटचं वाक्य तेच. म्हणून सुहासची गोष्ट सांगते. नाव-गाव बदललंय, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.

सुहास एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. सांगलीकडच्या एका गावातनं पुण्यात आलेला. बी.ए.ला कॉलेजात पहिला, कारण तिथे समोर बोलणारे सर होते आणि एकदा ऐकलेलं हा मुलगा विसरत नाही. इथे मात्र निम्मा अभ्यास विद्यापीठाच्या पोर्टलवर. दोन ऑनलाइन चाचण्यांत शून्य. माझ्याकडे तक्रार घेऊन आला ती अशी: लक्ष लागत नाही, लॅपटॉप उघडला की धडधडतं, आळशी झालोय.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली. आमचा पहिला धडा असा की माणसाला घटना तितकी छळत नाही, जितका त्या घटनेबद्दलचा त्याचा विचार छळतो. इतक्या वर्षांत या धड्यानं मला क्वचितच दगा दिला. त्यामुळे पहिल्या दोन भेटी मी 'मला जमलंच पाहिजे' आणि 'मी नालायक' या दोघांच्या मागे लागले. सुहासनं गृहपाठ मन लावून केला. धडधड कमी झाली. तिसऱ्या चाचणीत पुन्हा शून्य.

मग म्हटलं, "लॅपटॉप घेऊन ये. नेमकं काय होतं ते मला ऐकव."

तो एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केलेलं. त्याच्या नेहमीच्या वेगात मला एक शब्द कळेना. "थांबा, तुमच्यासाठी हळू करतो," म्हणाला. त्या खोलीत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा मिजास आली, आणि मला ती आवडली.

पोर्टल उघडलं. आवाज आला: "बटन. बटन. ग्राफिक. बटन."

"कुठलं बटन?"

"तोच तर खेळ आहे मॅडम. दाबून बघायचं. परवा तिसरं दाबलं तर लॉगआउट झालं. चाचणी चालू होती."

मला पडद्यावर त्या बटनांवर सुरेख चित्रं दिसत होती. वही, घंटा, बाण. बनवणाऱ्यानं त्यांच्यामागे नावं लिहिली नव्हती, एवढंच. मग त्यानं एक संदर्भग्रंथ उघडला. माझ्यासमोर छापील पान, कुणीतरी पेन्सिलनं अधोरेखित केलेलं. त्याच्या कानाला काहीच नाही. पुस्तकाचे फोटो काढून पीडीएफ केलेली, अक्षर असं एकही नाही.

शेवटी बाईंच्या नोट्स. पहिल्याच ओळीतल्या एका शब्दावर तो थांबला आणि बाणाची कळ दाबत एकेक अक्षर वाचायला लावलं. "ई. जे. के. बी. एच."

मी पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं 'मराठी'.

युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची ओळख देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे जुने फॉन्ट असेच. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. ई म्हणजे म, जे म्हणजे र. डोळ्यांना मुखवटा दिसतो, यंत्र आतलं वाचतं. आपल्याकडे अजून कितीतरी नोट्स अशा पडून आहेत. मला हसू आलं, मी त्याला सांगितलं, तोही हसला. मग एकदम गप्प झाला.

"मॅडम, तिथं खरंच मराठी लिहिलंय?"

"हो."

"स्वच्छ?"

"अगदी स्वच्छ."

"मला वाटलं फाइल खराब येतीय. पाच महिने तीच तीच फाइल परत उतरवून घेतोय. रूमवर नेट नीट नाही म्हणून कॅन्टीनमध्ये जाऊन, लायब्ररीत जाऊन." थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे माझं डाउनलोड बरोबरच होतं."

हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. मी काही बोलले नाही; बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. घटनेबद्दलचा विचार तपासायचा, हे मला पाठ होतं. घटनाच मी तपासली नव्हती. तो 'मला वाचता येत नाही' म्हणत होता आणि मी ते त्याच्या मनात शोधत होते, ते होतं फाइलमध्ये. त्या दिवसापासून असा विद्यार्थी आला की पहिल्याच भेटीत लॅपटॉप उघडायला लावते. सहकाऱ्यांना गंमत वाटते. वाटू दे.

पण धडा खोटा ठरला नाही, त्याची पाळी नंतर आली. "मग बाईंना कळव," म्हटल्यावर सुहास आक्रसला.

"नको. लोक म्हणतील सवलतीवर पास झाला."

"जिन्याला कठडा असतो, ती सवलत का?"

"कठडा सगळ्यांना असतो."

उत्तर चोख होतं. मग आम्ही दुसरीकडून आलो. लेखी परीक्षेत त्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, ती घेताना लाज वाटते का? नाही, ती नियमात आहेत. मग ऑनलाइन चाचणीत का मागायची नाहीत? यावर तो बराच वेळ गप्प होता. "तिथं मागावं लागतं," म्हणाला. लाज जादा वेळेची नव्हती, तोंड उघडण्याची होती. हा मात्र विचार, आणि यावर काम करता येतं.

पालक आणि विद्यार्थ्यांना मी जे सांगते ते इथेच सांगून टाकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात असावा हे आलंय. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं, जिथे अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे गेलेल्यांनाही पापणी मिचकवायला सांगत होते. हे माहीत असावं, त्यानं पाठीचा कणा ताठ राहतो. पण पहिल्या पत्रात कलमं घालू नका. समोरच्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो, आणि कलम वाचलं की माणूस फाइल सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. पत्रात लिहा: कुठली फाइल, कुठलं पान, तुम्हाला काय ऐकू येतं, काय हवं, कधीपर्यंत. त्याची प्रत विद्यापीठातल्या समान संधी कक्षाला. उत्तर आलं नाही, तर तक्रार निवारण अधिकारी आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहेतच, तेव्हा कलमं काढा.

सुहासचा पहिला मसुदा 'आपला अमूल्य वेळ' पासून 'जन्मभर ऋणी' पर्यंत गेला होता. त्यानंच एकेक ओळ खोडली. उरल्या पाच. नोट्स युनिकोडमध्ये हव्यात; ३० मिनिटांच्या चाचणीला १० मिनिटं जादा हवीत. त्यांचं पोर्टल मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि मूडलमध्ये एकाच विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवण्याची सोय आधीपासून आहे. कक्षातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी त्या नोट्स घरी स्वतः टाइप केल्या होत्या. रडवेल्या झाल्या होत्या म्हणे. आठवड्यात फाइली बदलून आल्या. चाचणीची वेळ वाढली. पोर्टलची बटनं अजून मुकीच आहेत, ठेकेदाराकडे बोट दाखवणं चालू आहे, सुहासचं तिसरं स्मरणपत्र गेलंय. कुठलं बटन कितवं हे त्यानं पाठ केलंय, पण ते पाठ करावं लागतं हेही पत्रात लिहिलंय.

शेवटच्या भेटीत त्याला काहीतरी विचारायचं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मॅडम, बाईंच्या नोट्समध्ये चुका आहेत."

"फॉन्ट बदलताना जोडाक्षरं बिघडली असतील."

"जोडाक्षरं नाहीत. 'कवियत्री' लिहिलंय. तीन ठिकाणी. कळवू का?"

"आधी परीक्षा होऊ दे," मी म्हटलं.